कारण : लाईट

भिवंडीत कुठल्याही गोष्टीचं कारण विचारलं की आधी लाईटचं नाव निघायचं. कापडात दोष आला, लाईट. टाकीत पाणी चढलं नाही, लाईट. माणूस कामावर उशिरा आला, लाईट. आमच्या चाळीतला एक मुलगा बारावीला गणितात आपटला, तेव्हाही त्याच्या आईनं सगळ्यांना लाईटच सांगितली. आणि बरेचदा ते खरंही असायचं, हाच तर वैताग होता. तेव्हा लोडशेडिंग इतकं होतं की खोटं बोलणाऱ्याला कोणी अडवूच शकत नसे. मला मात्र त्या शब्दाची चीड होती, आणि ती घरातून आलेली होती.

माझे बाबा लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. आमचं मूळ गाव खाडीच्या बाजूला, पण जमीन आजोबांच्या वेळीच गेली आणि बाबा कामतघरच्या कारखान्यात लागले. एकदा लाईट गेलेली असताना ते मागाच्या खालच्या चक्रात हात घालून काम करत होते. अशा वेळी मोटारीचा स्विच बंद करायचा असतो. पण शेठचा हुकूम होता की स्विच चालूच ठेवायचे, म्हणजे लाईट आल्या आल्या सगळे माग एकदम सुरू होतात आणि वेळ फुकट जात नाही. लाईट आली. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाकीची आखडली ती आखडलीच.

कारखान्यात, दवाखान्यात, चाळीत सगळीकडे एकच वाक्य फिरलं, की लाईट अचानक आली हो, कोण काय करणार. स्विच कोणाच्या हुकमानं चालू होता, हे कोणी तोंडातून काढलं नाही. बाबांनीही नाही. शेठनं भरपाई म्हणून काही दिलं नाही, पण आपला माणूस आहे असं म्हणून अंजूरच्या रस्त्यावरच्या त्याच्या गोदामात जनरेटरवर ठेवलं. बाबा डाव्या हातानं सगळं शिकले. दाढी, शर्टाची बटणं, भाताचा घास, आणि जनरेटरचं हँडल. डावा हात एवढीच आता त्यांची पुंजी होती, आणि ते काम एवढीच त्या दोन बोटांची भरपाई.

शेठचा मुलगा शिकलेला होता. तो परदेशात काही वर्षं राहून परत आला आणि बापाच्या गोदामावर जो मोठा हॉल होता, त्यात त्यानं सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं. खाली कापडाचे तागे, वर काँप्युटर. बाहेरदेशातली एक कंपनी डेटाबेस बनवायची आणि तो तपासायचं काम आमच्याकडे यायचं. मी कल्याणला कॉलेज करून काँप्युटर शिकले होते, तेव्हा मला तिथं नोकरी लागली. त्याला आम्ही सर म्हणायचो. सर बाबांना काका म्हणायचे, आणि बाबा त्यांना शेठच म्हणायचे, वयानं निम्मे असले तरी. मला ते ऐकवत नसे.

तर काम असं होतं. डेटाबेस म्हणजे माहिती साठवणारा प्रोग्राम. त्याला प्रश्न विचारायचे आणि आलेलं उत्तर बरोबर आहे का ते बघायचं. हजारो प्रश्न माणसानं हातानं कुठं विचारायचे, म्हणून ते विचारणारा आणि उत्तरं ताडून बघणारा दुसरा प्रोग्राम असतो. त्याला टेस्ट हार्नेस म्हणतात. सकाळी आलो की तो सुरू करायचा, संध्याकाळपर्यंत तो चालायचा. जमलं ते हिरवं, फसलं ते लाल. प्रत्येक लालपुढे कारण लिहायची एक जागा असायची, आणि तिथं निवडायला तीन कारणं होती. प्रोग्रामची चूक, टेस्टची चूक, आणि तिसरं लाईट.

हो, लाईट. आमच्या लीडनं ते घातलं होतं. लीड म्हणजे आमच्या टीमचा मुख्य, डोंबिवलीहून येणारा, स्वभावानं वाईट नव्हता पण कटकट नको असलेला माणूस. ऑफिस नवीन असताना लाईट गेली की काँप्युटरांना जोडणारा डबा बंद पडायचा आणि चालू टेस्ट 'कनेक्शन तुटलं' असा संदेश देऊन लाल व्हायच्या. त्या डेटाबेसच्या चुका नव्हत्याच. म्हणून त्यांच्यापुढे लाईट लिहायचं आणि ती टेस्ट पुन्हा चालवायची. दुसऱ्यांदा हिरवी झाली की विषय संपला. पुढे सगळं यूपीएसवर घेतलं, जनरेटर होताच, पण ते तिसरं कारण तसंच राहिलं. 'कनेक्शन तुटलं' दिसलं की कोणीही डोळे मिटून लाईट लिहायचं. वर बघून पंखा चालू आहे का, एवढंही कोणी बघत नसे.

हे सगळं बाहेरदेशी अहवालात जायचं. तिकडच्या लोकांना लाईट जाणं म्हणजे काय ते कळत नव्हतं. त्यांनी आधी सभ्यपणे विचारलं, मग जरा कमी सभ्यपणे विचारलं. शेवटी त्यांनी कळवलं की ज्या ऑफिसात वीजच धड नाही त्या ऑफिसाला काम द्यायचं की नाही, हे आम्ही महिनाअखेर ठरवू. सर त्या दिवशी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. त्यांचा हिशेब सरळ होता. यूपीएस थोडा वेळ तग धरतो, तेवढ्यात जनरेटर सुरू झाला तर कनेक्शन तुटायचं कारण नाही. तरी तुटतंय. म्हणजे जनरेटर उशिरा सुरू होतोय. म्हणजे काका उशीर करतात.

त्यांनी बाबांना वर बोलावलं आणि आम्हा सगळ्यांच्या समोर सांगितलं. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. गोड बोलले. काका, तुमचा हात असा, तुमचा दोष नाही, पण उशीर होतो. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर बटणावर चालणारा जनरेटर घेतो, मग तुम्ही घरी आराम करा. बाबा मान हलवत उभे होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही आणि मीही स्क्रीनवरून मान वर केली नाही, कारण केली असती तर काहीतरी बोलून बसले असते.

घरी आल्यावर मी चिडले. म्हटलं, तुम्ही सांगायचं ना की उशीर नाही होत. बाबा म्हणाले, असंल गो बाय, होत असंल. डाव्या हातानं हँडल मारायचं म्हणजे येळ लागनारच. त्यांना ते मनापासून पटलं होतं, हेच मला सहन होत नव्हतं. एकदा बोटं गेली तेव्हा लाईट म्हणाले, आता नोकरी जायला आली तरी लाईटच. आई ताट वाढत होती, ती म्हणाली, बापाला बोलून काय होनार हाय, तू तिथं शिकलेली बसलीस ना, तू बघ की. टोमणाच होता, पण बरोबर होता.

उलगडा झाला तो एका शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. आठवडाभर कामतघरात इतका खडखडाट असतो की बोलणंही ओरडून करावं लागतं, आणि शुक्रवारी अचानक सगळं गप्प. त्या दिवशी विजेवर भार नसतो, म्हणून आमच्या बाजूला लाईट सहसा जात नसे, दिवेही जरा जास्तच उजळ दिसत. त्या संध्याकाळी बाबा जेवताना खुशीत होते. म्हणाले, आज हँडलला हात पन लावला न्हाय, दुपारी मस्त ताग्यांवर पडलो. मी सुकटीचा घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून बसले. कारण त्याच दुपारी माझ्या शेजारी बसून लीडनं लाल टेस्टपुढे लाईट लिहिलेलं मी बघितलं होतं. एकदा नाही, दोनदा.

लाईट गेलीच नव्हती. मग कनेक्शन कोणी तोडलं?

सोमवारी मी लीडला हे सांगितलं. तो म्हणाला, एखादवेळी चुकून लिहिलं असेल, पुन्हा चालवल्यावर हिरवी झाली ना, मग झालं तर. मी म्हटलं, नाही झालं. तो म्हणाला, चाललंय ते चालू दे, महिनाअखेर डोक्यावर आहे आणि तुला हार्नेस उघडून बसायचंय? मी म्हटलं, हो, उघडूनच बसायचंय. आवाज चढला होता माझा. तो हसला आणि म्हणाला, घरचं काम ऑफिसात आणू नकोस. त्या वाक्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. तो माणूस आता कुठं आहे मला माहीत नाही, सुखी असो, पण माफ नाही.

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, रोजचं काम सांभाळून काय करायचं ते कर. मग मी दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही इतक्या साध्या होत्या की अजून कोणी का केल्या नाहीत याचाच राग यायचा. यूपीएसच्या खोक्यात एक वायर होती, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेली. ती काँप्युटरला जोडली की लाईट आहे की बॅटरीवर चाललंय, हे यूपीएस स्वतः सांगतो. मी हार्नेसला ते ऐकायला शिकवलं. म्हणजे आता लाईट गेली की नाही हे माणसानं ठरवायचं नाही, मशीन ठरवणार. कारणांच्या जागेतून लाईट हा पर्याय मी काढूनच टाकला. काढताना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरी गोष्ट म्हणजे लाल झालेली टेस्ट लगेच पुन्हा चालवायची नाही. ती जिथं अडली तिथं डेटाबेसच्या आत कोण काय करत होतं ते सगळं आधी टिपून ठेवायचं. आतापर्यंत आम्ही मेलेल्याला उठवून परत पळवत होतो आणि मेला कशानं ते विचारतच नव्हतो. हे लिहायला मला वेळ लागला, कारण माझ्याच नव्या भागात चुका निघत होत्या. कधी टिपणच अर्धवट यायचं, कधी टिपण घेतानाच हार्नेस बंद पडायचा. लीड येता-जाता विचारायचा, काय, सापडला का चोर? मी पुढची ओळ लिहायला घ्यायचे.

त्या दिवसांत बाबा घरातून लवकर निघायला लागले. चहाला थांबायचे नाहीत. मला वाटायचं, शेठच्या पोराला बरं वाटावं म्हणून जात असतील. नंतर गोदामातल्या हमालांनी सांगितलं ते वेगळंच होतं. बाबा दिवसभर जनरेटरजवळच बसून असायचे, डबासुद्धा तिथंच खायचे, हँडल बसवून ठेवलेलं. त्या इंजिनाची रीत अशी होती की आधी एक खटका वर करून ते सैल फिरवायचं, वेग आला की मग खटका पाडायचा. त्याला थोडा वेळ जातो. बाबांनी ती रीत सोडली होती. लाईट गेली रे गेली की एकदम जोर लावायचे. एकदा-दोनदा इंजिन तसं सुरूही झालं, आणि बाबा हमालांना म्हणाले, बघा, आता शेठ काय बोलनार न्हाय.

महिना संपत आला असताना एका दुपारी चोर सापडला. टेस्ट लाल झाली, 'कनेक्शन तुटलं' आलं, आणि त्याच्याच खाली माझ्या नव्या ओळीत लिहून आलं की वीजपुरवठा सुरळीत. टिपण उघडून बघितलं. त्या टेस्टमधली दोन कामं, दोन माणसं समजा, एकाच वेळी त्याच दोन नोंदी बदलायला गेली होती. पहिल्यानं एक धरली, दुसऱ्यानं दुसरी, आणि दोघंही समोरच्याची सुटायची वाट बघत उभे. अंजूरच्या रस्त्यावर दोन ट्रक समोरासमोर येतात आणि कोणीच मागे घेत नाही, तसं. अशा वेळी डेटाबेसनं एकाला मागे घ्यायला लावायचं असतं. आमचा लावत नव्हता. तो नुसता थांबून राहायचा, शेवटी हार्नेस कंटाळून कनेक्शन तोडायचा, आणि आम्ही लाईट लिहायचो. पुन्हा चालवलं की दोघं वेगवेगळ्या क्षणी यायचे, म्हणून हिरवं.

मी सरांना बोलावलं. लीडही मागे येऊन उभा राहिला. सरांनी सगळं वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. ही डेटाबेसचीच चूक आहे, आपली नाही, एवढंच त्यांना आधी दिसलं. आत्ता फोन लावू तिकडे, आपल्यावर खूश होतील, असं म्हणाले. मी विचारलं, आणि बाबा? ते हसले. म्हणाले, अगं काकांना कोण काढतंय आता, तू फोनवर हे समजावून सांग, खाली जाऊन मी स्वतः त्यांना सांगतो. मला इतकं हलकं वाटलं की खुर्चीवर बसताना हसू आलं. फोन जोडला जात होता. सर अजून माझ्या मागेच उभे होते, तिकडचा माणूस काय म्हणतो ते ऐकायला.

तेवढ्यात लाईट गेली.

पंखे थांबले. काँप्युटर चालूच होते, यूपीएस बारीक आवाजात ओरडायला लागला. माझ्या स्क्रीनवर नवी ओळ आली, बॅटरीवर. टेस्ट चालत होत्या, हिरव्यामागून हिरव्या, एकही तुटली नाही. फोनवर तिकडच्या माणसानं हॅलो म्हटलं. आणि खालून ओरडणं ऐकू आलं.

मी फोन तसाच टाकून जिन्यानं पळाले. बाबा जनरेटरशेजारी जमिनीवर बसले होते. हँडल उलटं आलं होतं. खटका वर न करता जोर लावला की इंजिन कधी उलटा झटका देतं, आणि तेव्हा हँडल हातातून सुटत नाही, हातच घेऊन फिरतं. डावं मनगट जिथं वाकायचं तिथं न वाकता भलतीकडेच वाकलं होतं. एक हमाल त्यांना पाणी पाजत होता, आणि बाबा मला बघून पहिलं काय म्हणाले असतील, तर चालू न्हाय झाला गो, वरचं बंद पडलं काय? मी म्हटलं, नाही बाबा, काहीच बंद नाही पडलं. मला वाटतं त्यांना ते खोटंच वाटलं.

सरांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला दवाखान्यात नेलं, ते मान्य करायला हवं. वाटेत ते एकसारखे बोलत होते, खर्चाची काळजी करू नका वगैरे. मी बाबांचा हात माझ्या ओढणीवर धरून बसले होते. तो हात जड लागत होता. मला एवढंच दिसत होतं की उद्यापासून यांच्या शर्टाची बटणं कोण लावणार, घास कोण भरवणार, आणि हे मला त्याच क्षणी कसं सुचलं याचीच लाज वाटत होती.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाचे तुकडे झालेत, हात जुळेल पण पूर्वीसारखा नाही, जोर लागणार नाही, असं सरळ सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्या, जुन्या हाताकडे बघितलं. त्यांनी विचारलं, कसं झालं हे?

सर लगेच म्हणाले, "लाईट गेली ना अचानक, डॉक्टर. लाईटमुळे झालं."

मी म्हटलं, "लाईटनं काही केलेलं नाही, सर. यांना उशीर होतो असं तुम्ही सांगितलं होतं. चारचौघांत सांगितलं होतं. आणि उशीर होतच नव्हता, तुम्ही आत्ता वर वाचलंत ना?"

डॉक्टर माझ्याकडे आणि सरांकडे बघत राहिले. मला अजून खूप बोलायचं होतं; त्या मागाचं, चालू ठेवलेल्या स्विचचं, आधीच्या दोन बोटांचं, सगळं ओठांवर आलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कारण विचारत होतं आणि माझ्याकडे ते तयार होतं.

बाबांनी पलंगावरून मान वळवली. त्यांनी आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पोरीची नोकरी यांच्याच हातात आहे, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट वाचता येत होतं.

"जाऊ दे गो बाय," ते म्हणाले. मग डॉक्टरांना म्हणाले, "लाईटच गेलती, साहेब."

डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं.